ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली व मडगार्डच्या आतून कोणता रंग द्यावा?

वाशिम जिल्ह्यात मृगाचा पाऊस झाला की सोयाबीनच्या पेरणीची एकच घाई उडते. वाफसा येतो न येतो तोच ट्रॅक्टर वावरात उतरतो, आणि काळ्या जमिनीचा चिकट चिखल मागील चाकांबरोबर वर उचलला जाऊन मडगार्डच्या आतील बाजूस थापल्यासारखा बसतो. पेरणीच्या त्या पंधरवड्यात तो खरवडून काढण्यास कोणासच सवड नसते. उघडीप पडली म्हणजे तो वाळून भिंतीच्या गिलाव्यासारखा घट्ट होतो. पुन्हा सर आली म्हणजे फुगतो व ओल धरून राहतो. पुढे खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन पुसून त्याची पूजा होते, हार चढतो, बॉनेट आरशासारखे चकाकते. मडगार्डच्या आत मात्र जूनमधील चिखल तसाच असतो, आणि त्याच्या आड पत्रा खाल्ला जात असतो.

हा पत्रा पुढे एके दिवशी बोल्टाभोवती फाटतो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसविणे नियमाला धरून नाही, व ते केव्हाही करू नये. तथापि शेतावर जाता-येता मजूर, स्त्रिया व कधी कधी शाळकरी मुलेही तेथे बसलेली दिसतात, ही गोष्ट कोणी नाकारणार नाही. गंजलेल्या बोल्टावरील मडगार्ड खड्ड्यात हिसका बसताच खचले, तर त्यावरील माणूस मागील मोठ्या चाकाखालीच जातो. यास्तव मडगार्डच्या आतील रंग हा नुसता शोभेचा विषय समजू नये.

बॉनेटखालच्या कप्प्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे चिखलापेक्षा तेल, डिझेल, बॅटरीचे आम्ल व उष्णता यांचा त्रास अधिक. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचे व तुरीचे कुटार उडून त्या कप्प्यात साचते, तेलकट पृष्ठभागावर चिकटते, आणि धुराड्याकडे जाणाऱ्या तापलेल्या नळीजवळ पेट घेण्याचा धोका उत्पन्न होतो. दोन्ही ठिकाणची कारणे भिन्न असल्यामुळे दोन्ही ठिकाणी एकच डबा चालत नाही. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला रंग मडगार्डला व बॉनेटखाली फासून टाकण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती याच कारणाने निरुपयोगी ठरते.

गंज कसा धरतो

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ही तीन एकत्र आली की गंज धरण्यास आरंभ होतो. त्यात क्षाराची भर पडली की तो झपाट्याने वाढतो. येथील काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी फार काळ धरून ठेवते. अशा मातीचा लपका पत्र्यावर बसला म्हणजे त्याच्या खालील भागास प्राणवायू कमी व कडेच्या भागास जास्त मिळतो. या कमीअधिकपणामुळे पत्र्यावर एक लहानशी विजेची घटमालाच तयार होते, व ज्या जागी प्राणवायू कमी तेथील लोखंड झिजू लागते. म्हणूनच गंजाचे खोल खड्डे चिखलाच्या बरोबर खाली सापडतात, उघड्या भागावर नव्हे. वरून पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

खतांमुळे हा प्रकार आणखी बिघडतो. म्युरेट ऑफ पोटॅश या खतात वजनाने जवळजवळ ४७ टक्के क्लोराइड असते, आणि समुद्रकाठी लोखंड ज्यामुळे लवकर खाल्ले जाते तेच हे क्लोराइड होय. १०:२६:२६ सारख्या मिश्रखतातील पालाश बहुधा त्यातूनच येते. युरियाचा दोष दुसरा. हवेचे उष्णतामान ३० अंश सेल्सिअस असता सापेक्ष आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतील ओल ओढून पाझरू लागतो. जून-जुलैत अशी हवा येथे नित्याचीच. पेरणीयंत्रात खत भरताना मडगार्डवर, त्याच्या दुमडीत व बोल्टाच्या खाचेत जे दाणे सांडतात, ते पाऊस नसतानाही तेवढी जागा सदैव ओली ठेवतात.

जिल्ह्यातील काही ट्रॅक्टर भाड्याने शेजारच्या अकोला जिल्ह्यात पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जातात. तेथील विहिरीच्या अगर बोअरच्या पाण्याने ट्रॅक्टर धुणे म्हणजे मीठ लावून ठेवण्यासारखेच आहे. गावी परतल्यावर गोड्या पाण्याने एकदा नव्हे, दोनदा धुवावा.

एकदा धरलेला गंज स्वस्थ बसत नाही. लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, व वरील रंगाला आतून उचलून धरतो. रंगावर फोड दिसले की खाली काय चालले आहे ते ओळखावे. गव्हावरच्या तांबेऱ्याची पुटकुळी दिसण्याआधी बुरशी पानात शिरलेली असते, तसेच हे. फोडावर नवा रंग मारून काही साधत नाही.

लाकूड, जवसाचे तेल आणि लोखंड

पूर्वी औते लाकडाची होती. सुतार ती घडवी, आणि घरचे जवसाचे तेल पाजले की लाकडाचे काम भागे. लोखंडी नांगर महाराष्ट्रात रुजविण्याचे मोठे श्रेय लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे जाते. त्यांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथे तयार झालेल्या नांगराविषयी आरंभी शेतकऱ्यांच्या मनात अशी शंका होती की, लोखंडाने जमीन विषारी होते. जमिनीला लोखंड बाधले नाही. जमिनीतील ओल व क्षार हेच लोखंडाला बाधतात, हे पुढे अनुभवाने कळले.

जवसाच्या तेलाचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेऊन घट्ट होते व त्याची चिवट साय बनते. जुने तैलरंग याच गुणावर बनत. आज दुकानात सिंथेटिक इनॅमल म्हणून मिळणाऱ्या रंगाचा पायाही अशाच वाळणाऱ्या तेलांपासून केलेल्या राळेचा असतो, आणि त्यासाठी जवसाबरोबर सोयाबीनचे तेलही मोठ्या प्रमाणावर वापरतात. आपल्या वावरातील दाणा अशा रीतीने फिरून आपल्याच ट्रॅक्टरवर येऊन बसत असेल, तर आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

हे तत्त्व ध्यानी आले म्हणजे इनॅमलचे गुणदोष आपोआप उलगडतात. प्राणवायू वरून आत शिरतो, म्हणून वरची साय आधी वाळते. एकाच वेळी जाड हात दिला तर वरचा थर ताणला जाऊन सुरकुत्या पडतात व आत रंग कच्चा राहतो. दोन पातळ हात हे एका जाड हातापेक्षा चांगले. तसेच तेलापासून केलेली ही राळ अल्कली व आम्ल या दोहोंपुढे टिकत नाही. त्यामुळे बॅटरीच्या खाली इनॅमल लावणे व्यर्थ आहे, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ते थेट लावल्यास काही महिन्यांत पापुद्रे सुटू लागतात. ट्रॉलीला असा पत्रा वापरलेला असल्यास त्यावर प्रथम एपॉक्सीचे अस्तर हवे.

अस्तर कोणते घ्यावे

रंगाचे सर्व बळ अस्तरात, म्हणजे दुकानदार ज्याला प्रायमर म्हणतात त्यात असते. गावोगावी अस्तर म्हणजे रेड ऑक्साइड अशी समजूत आहे. रेड ऑक्साइडची लाल माती स्वस्त असते व लोखंडाला बरी धरते, परंतु नुसती ती गंज रोखीत नाही आणि तिच्या थरातून पाणी झिरपते. रेड ऑक्साइडचा एक हात देऊन ‘रंग झाला’ म्हणून ट्रॅक्टर वा ट्रॉली तशीच पावसाळ्यात काढणे हा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार आहे. अस्तर हे अस्तरच. त्यावर वरचा हात पडेपर्यंत काम अपुरेच राहते.

भारतीय मानक आयएस २०७४ हे रेड ऑक्साइड-झिंक क्रोम अस्तराचे आहे. त्यातील झिंक क्रोम गंजाला प्रत्यक्ष आवर घालतो, म्हणून ते अनेक वर्षे नावाजलेले अस्तर होते व आजही मिळते. परंतु क्रोमेट हे कर्करोगकारक आहे. घासताना उडणारी त्याची धूळ श्वासावाटे जाणे धोक्याचे. आता झिंक फॉस्फेटयुक्त अस्तरे मिळतात, ती गंजही रोखतात व माणसाला बाधण्याचा धोकाही त्यांत फार कमी आहे. डब्यावर झिंक फॉस्फेट हे शब्द पाहून घ्यावेत.

शेंदराविषयीही सांगणे अवश्य आहे. गावाच्या वेशीवरील देवाला चढविला जाणारा शेंदूर म्हणजे शिशाचा भस्म होय, आणि तोच तेलात खलून पुलांच्या व जहाजांच्या लोखंडाला अस्तर म्हणून लावीत. गुण उत्तम, परंतु शिसे हे विष, त्यातही लहान मुलांना विशेष बाधणारे. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारतात २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. यंत्रसामग्रीचे औद्योगिक रंग मात्र या नियमात येत नाहीत. म्हणून डब्यावर ‘शिसेविरहित’ असे लिहिलेले आहे काय ते पाहावे, आणि जुना रंग कोरडा न घासता पाणी लावूनच घासावा. अंगणात लेकरे खेळत असता हे काम करू नये.

ज्यांचा ट्रॅक्टर वर्षात पुष्कळ तास चालतो, विशेषतः जे गट अवजारे भाड्याने देतात, त्यांनी दोन डब्यांत येणारे एपॉक्सी अस्तर घ्यावे. एका डब्यात रंग व दुसऱ्यात हार्डनर असतो. दोन्ही मिसळल्यावर त्यांची रासायनिक क्रिया होऊन कठीण थर बनतो. पाणी, डिझेल, तेल, खत व सौम्य आम्ल यांना तो पुष्कळ दाद देत नाही. मिश्रणाचे प्रमाण डब्यावर दिलेले असते व ते मोजूनच घ्यावे. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल, ही समजूत चुकीची आहे. तसे केल्याने थर ठिसूळ अगर चिकट राहतो. मिसळलेला रंग काही तासांतच आळून जातो आणि एप्रिल-मेच्या उष्णतेत तर निम्म्या वेळातच आळतो. लागेल तेवढाच मिसळावा.

एपॉक्सीत एक उणीव आहे. उन्हात तिच्यावर खडूसारखी भुकटी धरते. बाहेरील बॉनेटला ती उघडी ठेवता येत नाही. मडगार्डच्या आत व बॉनेटखाली ऊन पोहोचतच नाही, म्हणून आपल्या या दोन्ही कामांत तिची उणीव आड येत नाही, आणि गुण मात्र पुरते मिळतात.

मडगार्डच्या आतून

येथे माती, खडे व काड्या यांचा सतत मारा होत असतो. रंग कठीण असण्यापेक्षा चिवट असणे अधिक महत्त्वाचे. एपॉक्सी-झिंक फॉस्फेट अस्तराचे दोन हात देऊन त्यावर मोटारगाड्यांच्या तळाला लावतात तो रबरासारखा लवचिक लेप द्यावा. खडा आदळला की हा लेप दबतो व पुन्हा वर येतो, इनॅमल मात्र टवका सोडते. साधा डांबरी काळा रंग स्वस्त पडतो आणि पाण्याला चांगला अडवितो, परंतु त्यात दोन अडचणी आहेत. डिझेल लागले की तो विरघळतो. आणि गंज न काढता, ओलसर पत्र्यावर लावला तर ओल आत कोंडून पत्रा अधिकच वेगाने खाल्ला जातो. वरून काळे कुळकुळीत दिसते व आतून भोक पडलेले असते. असा लेप द्यायचाच असेल तर खालचे अस्तर चांगले असले पाहिजे, ही अट आहे.

थर किती जाड असावा? सुकल्यावर सर्व अस्तर मिळून सुमारे १०० मायक्रॉन भरले पाहिजे. मिरची, टरबूज किंवा हळद करणाऱ्या शेतकऱ्यास मायक्रॉन हा शब्द नवा नाही. मल्चिंगचा कागद २५ ते ३० मायक्रॉनचा असतो. तसे चार कागद एकावर एक ठेवल्यास जी जाडी होईल, ती येथे हवी. इनॅमलचा एक हात साधारण एका मल्चिंग कागदाएवढाच बसतो. एका हातात मडगार्डचे रक्षण का होत नाही, हे यावरून कळेल.

रंग किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. डब्यावर घनांशाची, म्हणजे वाळल्यावर मागे राहणाऱ्या भागाची, आकारमानाने टक्केवारी दिलेली असते. तिला १० ने गुणून, पाहिजे त्या मायक्रॉनने भागावे. एक लिटर किती चौरस मीटरला पुरेल ते निघते. घनांश ५० टक्के व थर ५० मायक्रॉन, तर ५० गुणिले १० भागिले ५० म्हणजे १० चौरस मीटर. ब्रशला, डब्याला व खडबडीत पत्र्याला जाणारी घट धरून प्रत्यक्षात ७ समजावेत. दोन्ही मडगार्डांची आतील बाजू मिळून समजा ३ चौरस मीटर भरली, तर दोन हातांना ६ चौरस मीटर. म्हणजे एक लिटर अस्तर पुरून थोडे उरते. मोठा डबा घेऊन अर्धा आळवून टाकण्यात अर्थ नाही.

मडगार्डच्या कडेची दुमड, सांधे व बोल्टांची डोकी येथून गंजाला सुरुवात होते. कडेवर रंग पातळ बसतो, कारण ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो. म्हणून सबंध भागावर हात देण्याआधी कडा, सांधे व बोल्ट यांवर ब्रशने एक निराळा हात फिरवावा. बोल्ट एक एक करून काढून त्याखालील पत्रा पाहणे उत्तम. टोकदार वस्तूने टोचून पत्रा आत जात असेल, तर तेथे रंगाचे काम नाही; लोहाराकडे नेऊन तुकडा जोडून घ्यावा व मगच अस्तर द्यावे. भोकावर लांबी भरून रंग देणाऱ्या कारागिराला आपले काम देऊ नये.

भाजीपाला व दूध वाहून नेणाऱ्या चारचाकी पिकअप गाड्यांच्या चाकांवरील कमानींनाही हेच लागू आहे. त्यांच्या पत्र्याला कारखान्यातच विजेच्या साहाय्याने बुडवून अस्तर दिलेले असते, ते शक्य तो खरवडू नये. जेथे टवका उडाला आहे तेवढेच दुरुस्त करावे. या गाड्यांच्या कमानीत व दारांच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. लेप देताना ती बुजली तर सगळी मेहनत उलटते.

बॉनेटखाली

इंजिनाला थंड ठेवणारे पाणी काम चालू असता सुमारे ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तेवढी उष्णता चांगले इनॅमल व एपॉक्सी दोन्ही सहन करतात. परंतु जळलेला वायू बाहेर नेणारी नळी, म्हणजे मॅनिफोल्ड व सायलेन्सर, शेकडो अंश तापतात. तेथे साधा रंग लावला तर तो जळून धूर होतो व पापुद्रे उडतात. त्या भागांसाठी सिलिकोन राळेचा, ॲल्युमिनियमच्या भुकटीचा उष्णतारोधक रंग निराळा मिळतो. तो किती अंशांपर्यंत टिकतो हे डब्यावर छापलेले असते. तो पातळ लावतात, व पहिल्यांदा इंजिन थोडा वेळ मंद चालवून हळूहळू तापवितात. उष्णतेनेच तो पक्का होतो. तसा रंग न मिळाल्यास मॅनिफोल्ड उघडे ठेवावे, परंतु त्यावर इनॅमल लावू नये.

कप्प्यातील इतर भागांना फिकट करडा रंग सर्वांत सोयीचा. पुष्कळांना तेथे काळा रंग आवडतो, कारण मळ दिसत नाही. पण मळ दिसला पाहिजे, हीच तर त्या कप्प्याची गरज आहे. फिकट करड्यावर डिझेलचा ओघळ, ऑईलची गळती, पाण्याच्या नळीचा पांढुरका डाग आणि पत्र्याला गेलेली तडे तत्काळ नजरेस येते. काळ्यावर ती ऐन पेरणीत, ट्रॅक्टर बंद पडल्यावर कळते. रंग चकचकीत असावा. ओबडधोबड पृष्ठभागावर कुटार व धूळ अडकते, गुळगुळीत पृष्ठभागावरून ते फडक्याने निघते. अस्तर एपॉक्सीचे व वरचा हात एपॉक्सीचा किंवा आयएस २९३२ या मानकाच्या इनॅमलचा, एवढे पुरते.

बॅटरीच्या तबकाला मात्र निराळी वागणूक हवी. तेथे सांडलेले गंधकाम्ल आधी मारले पाहिजे. बॅटरी काढताना प्रथम ऋण टोकाची तार सोडावी. तबकावर खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतावे, फेस येणे थांबेपर्यंत ओतत राहावे, मग साध्या पाण्याने धुवावे. वाळल्यावर एपॉक्सीचे तीन हात द्यावेत. बॅटरीखाली जाड रबराचा तुकडा ठेवल्यास हे काम पुष्कळ वर्षे टिकते.

काय रंगवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. रेडिएटरच्या जाळीवर ब्रश फिरविल्यास पात्यांमधील वाट बुजते व उष्णता बाहेर पडत नाही, इंजिन तापते. रबरी नळ्या, पट्टा, ऑईल मोजण्याची पट्टी, टाकीच्या झाकणावरील हवेचे भोक, आणि ऋण तार जेथे लोखंडाला जोडलेली असते ती जागा कोरी ठेवावी. त्या जागी रंग बसला तर सेल्फ ओढत नाही, आणि दोष बॅटरीवर येतो. इंजिनाचा व चासीचा क्रमांक खोदलेल्या जागेवर चिकटपट्टी लावून ती झाकावी, काम झाल्यावर काढावी. क्रमांक बुजल्यास विक्रीच्या व विम्याच्या वेळी मोठी अडचण होते. बाहेरील मूळ रंग बदलण्याचा मोह झाल्यास, नोंदणीपुस्तकात वाहनाचा रंग लिहिलेला असतो हे ध्यानात ठेवून आधी वाशिमच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी. आतील रंगाला ती अडचण नाही. ट्रॉलीच्या मागील परावर्तक पट्ट्यांवर रंगाचा थेंबही पडू देऊ नये. रात्री बाजार समितीकडे सोयाबीन घेऊन निघालेली ट्रॉली मागून येणाऱ्या गाडीला त्या पट्ट्यांमुळेच दिसते.

साफसफाई

रंगारी अनेकदा डिझेलने धुऊन, फडक्याने पुसून लगेच रंग देतो. डिझेलने ग्रीस निघते हे खरे, पण डिझेलचा स्वतःचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर कोणताही रंग धरीत नाही. डिझेलनंतर धुण्याच्या पावडरीचे गरम पाणी व मग दोन वेळा स्वच्छ पाणी, असा क्रम ठेवावा. पत्रा स्वच्छ झाला की नाही हे पाहण्याची सोपी खूण आहे. त्यावर पाणी शिंपडावे; पाण्याची सलग साय पसरली तर ठीक, थेंब थेंब होऊन ते आळूच्या पानावरल्यासारखे घरंगळले तर अजून तेल आहे. जोराच्या फवाऱ्याने धुताना अल्टरनेटर, सेल्फ व एअर क्लीनरची तोंडे प्लॅस्टिकने बांधून घ्यावीत.

सुटा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढावा. जुना रंग घट्ट असेल तर तो मुळापासून काढण्याची गरज नाही, त्याची चकाकी मोडली की पुरे. मात्र जुन्या मऊ इनॅमलवर तीव्र थिनरचा रंग बसला तर खालचा थर फुगून सुरकुततो. त्यासाठी एका कोपऱ्यात हातभर जागेवर लावून एक दिवस पाहावे.

अवजारांना व मडगार्डलाही जळके काळे ऑईल फासण्याची चाल आहे. नांगराच्या फाळाला हंगाम संपल्यावर ग्रीस लावून ठेवणे योग्यच. परंतु मडगार्डवरील काळे ऑईल धूळ ओढते, टायरवर गळून रबर बिघडविते, जमिनीत मुरते, आणि पुढे रंग द्यायची वेळ आली की ते पूर्ण काढणे कारागिरास नकोसे होते.

रंग केव्हा द्यावा

हरभरा-गहू निघाल्यापासून मृगापर्यंतचा काळ यासाठी मोकळा असतो. पण एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. अशा तापल्या पत्र्यावर रंग दिला की वरची साय तत्काळ वाळते, आतील थिनर अडकतो व फोड येतात. सकाळी नऊपर्यंत, सावलीत, हाताला पत्रा गार लागत असताना काम उरकावे. दुपारी वावटळी उठतात, तेव्हा ओला रंग उघड्यावर ठेवू नये. जमिनीवर आधीच पाणी शिंपडलेले बरे. हिवाळ्यात उलट अडचण असते. पहाटे पत्र्यावर दव जमते आणि डोळ्याला दिसत नाही. पत्रा दवबिंदूच्या उष्णतामानापेक्षा किमान ३ अंशांनी अधिक उष्ण असला पाहिजे. व्यवहारात, सूर्य वर येऊन पत्रा कोरडा ठणठणीत झाल्यावरच सुरुवात करावी. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांवर असता, म्हणजे पावसाळी कुंद दिवशी, रंगाचा डबा उघडूच नये.

मोठ्या कारागिराकडे चकाकीसाठी पॉलियुरेथेन रंग फवाऱ्याने देतात. तो टिकाऊ आहे यात संशय नाही. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे द्रव्य असते, आणि फवाऱ्याचे तुषार श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला दुपट्टा बांधल्याने ते अडत नाही. घरच्या घरी हे फवारण्याच्या भरीस कोणी पडू नये. आतील बाजूस त्याची आवश्यकताही नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवजारे भाड्याने देणाऱ्या गटांच्या बैठकीत ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण असे गट आपले सर्व ट्रॅक्टर एकदमच रंगवून घेतात.

थिनरजवळ विडी-काडी नको, चूल नको. जवसाच्या तेलाचे किंवा इनॅमलचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ते आपोआप तापतात व कधी कधी पेट घेतात. ते पाण्यात भिजवून, पसरून वाळवावेत. रिकामे डबे धान्याला वा पाण्याला वापरू नयेत.

नव्या रंगाला पूर्ण कठीण होण्यास आठवडा लागतो. तोपर्यंत ट्रॅक्टर चिखलात घालू नये. पेरणी आटोपताच लाकडी पट्टीने मडगार्डच्या आतील चिखल काढून गोड्या पाण्याने धुवावे. लोखंडी खुरप्याने खरवडू नये. धुतल्यावर जेथे जेथे खड्याने टवका उडून पत्रा उघडा पडला असेल, तेथे कोरड्या दिवशी पॉलिश पेपर फिरवून झिंक फॉस्फेट अस्तराचा ठिपका द्यावा व त्यावर लेप लावावा. यासाठी एका डब्यात येणारे लहान माप वेगळे आणून ठेवणे सोयीचे पडते. एपॉक्सीचे दोन डबे एवढ्याशा कामासाठी मिसळणे परवडत नाही.